जाळीच्या आतल्या फळ्या

सकाळी ओट्याशी चहा गाळत होते, तेव्हा हंसाबेनचा फोन आला. हंसाबेन म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. एरवी तिचा फोन आला की आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी होते. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "शोभाबेन, जल्दी आवो. बोरसेभाई बोलता नथी, ने जाळी अंदरथी बंध छे." सुरतेतल्याच उधन्याहून बमरोलीला रिक्षा निघाली तरी गॅस बंद केला की नाही ते मला आठवेना. खरं तर मी गॅसचाच विचार करत राहिले. दुसरा कुठलाही विचार करायला मन तयार नव्हतं...

पोचले तेव्हा गल्लीतली माणसं जाळीपाशी उभी होती. अक्काचं घर रो-हाउसमधलं. खाली गाडी ठेवायची जागा, वर दोन मजले. घराच्या नकाशात त्या जागेला गॅरेज म्हटलंय, आम्ही सगळे पार्किंग म्हणतो. रस्त्याच्या बाजूने तिला लोखंडी सरकती जाळी आहे, आणि त्या जाळीला आतून कुलूप होतं. आत प्लास्टिकच्या खुर्चीत भाऊजी बसले होते. हनुवटी छातीवर टेकलेली, एक हात मांडीवर, दुसरा खुर्चीबाहेर लोंबत होता. आणि अक्का आमच्याकडे पाठ करून भिंतीवरच्या फळ्यांवर घडी घातलेल्या साड्या लावत होती. एक ठेवायची, हाताने दाबायची, मग दुसरी. मी हाक मारली तशी ती वळली, आणि आमच्या गावाकडच्या बोलीत मला दटावल्यासारखं म्हणाली, "हळू बोल. निजेल शेत त्या." भाऊजी झोपलेत, असंच ती धरून चालली होती.

चावी भाऊजींच्या सदऱ्याच्या खिशात होती. हात लांब करून मिळण्यासारखी नव्हती. अक्काला मी परोपरीने सांगून पाहिलं. तिला चावी हा शब्दच पोचत नव्हता. शेवटी कोपऱ्यावरचा वेल्डर आला आणि ग्राइंडरने कुलूप कापायला लागला. ठिणग्या उडाल्या, तशी अक्का घाबरली. धावत मागे गेली आणि दोन्ही हात पसरून फळ्यांसमोर उभी राहिली. ज्यांच्याबरोबर तिने सगळा जन्म काढला ते बाजूलाच खुर्चीत होते, त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती साड्या वाचवत होती. डॉक्टर नंतर म्हणाले, पहाटेच गेले असतील, हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. मी मान हलवली. झोपेतून उठून ते खाली कशाला आले असतील, हे मला विचारायचं होतं. पण ते डॉक्टरांना कसं ठाऊक असणार?

निंबा बोरसे हे माझ्या भाऊजींचं नाव. अमळनेरजवळच्या एका गावातून ते मिसरूड फुटायच्या वयात चुलत्याबरोबर सुरतेला आले. लिंबायतमध्ये लूमवर, म्हणजे यंत्रमागावर बसले, संध्याकाळच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झाले, आणि पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये स्टोअरमध्ये लागले. तिथेच स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले. मी शिक्षिकेच्या कोर्ससाठी सुरतेला आले ती त्यांच्याच भरवशावर. लिंबायतच्या त्यांच्या एका खोलीत अक्का, भाऊजी, लहानगा नरू आणि मी... आणि साड्या. अक्का मार्केटमधल्या एका शेठच्या साड्यांना घड्या घालायचं काम घरी आणायची. गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. मी त्यांना टेकून अभ्यास केला, त्यांच्यावर डोकं ठेवून झोपले. अक्काच्या घडीला शेठच्या दुकानात मान होता. काठाला काठ, पदर वर, नक्षी बरोबर मधोमध. दुसऱ्या बाया घडी घालताना बोलायच्या. अक्का नाही बोलायची.

भाऊजी मिलमधून यायचे तेव्हा त्यांच्या रुमालावरून आम्हाला कळायचं, आज कोणत्या रंगाचं पिंप उघडलं ते. कधी जांभळा, कधी हळदी. बोलणं मोजकं, आवाज खालचा, पण एका बाबतीत हट्टी. प्रत्येक वस्तूला जागा पाहिजे. "जागेवर नाही ते घरात नाही," असं ते म्हणायचे. कात्री खिळ्यावरून निघाली आणि परत खिळ्यावर गेली नाही, तर ते रागावत नसत. स्वतः उठून शोधत आणि लटकवत. त्यामुळे आम्हालाच लाज वाटायची. मिलमध्ये म्हणे अंधारात हात घालून ते हवं ते बेअरिंग काढून देत. नोकरी संपली त्या दिवशी त्यांना शाल-नारळ मिळालं. घरी येऊन ते म्हणाले, "आता आपलं घर नीट लावतो." बमरोलीचं घर नुकतंच झालं होतं. नरूची जुनी गाडी पार्किंगमध्ये होती. नरू बडोद्याला नोकरीला गेला, गाडी त्याच्याबरोबर गेली, आणि पार्किंग रिकामं झालं.

त्याच सुमारास अक्काचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत मीठ, मग गॅस, मग माझं नाव. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं की हे मागे फिरणारं नाही. भाऊजींनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन औषधांसाठी एक डबा केला, सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. मला वाटतं तेव्हा त्यांना अजून असं वाटत होतं की सगळं जागच्या जागी लावलं तर हेही आटोक्यात येईल.

मग अक्का घराबाहेर जायला लागली. कपाटातल्या साड्या बाहेर काढायची, घड्या घालायची, गठोडं बांधायची आणि निघायची. एकदा ती हमरस्त्यावर सापडली. एकदा तर थेट खाडीच्या पुलावर. डोक्यावर गठोडं, उन्हात उभी, दोन्ही बाजूंनी ट्रक. एका रिक्षावाल्याने तिला बसवून घेतलं आणि तासभर घर शोधत गल्ल्यांतून फिरवलं, तेव्हा हंसाबेनच्या सुनेने ओळखलं. भाऊजींनी तिला विचारलं, "कथा जाई राहिनी व्हती?" ती म्हणाली, "माल देवाले. शेठ वाट देखी राहिना." शेठ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दुकानही नव्हतं. पण माल तयार आहे आणि तो द्यायचा राहिलाय, ही एक गोष्ट तिच्या डोक्यातून पुसली जात नव्हती. त्यानंतर भाऊजींनी जाळी लावून घेतली. ती लागली त्या दिवशी मी तिथे होते. वेल्डर गेल्यावर त्यांनी आतून कुलूप घातलं, ओढून पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला कोंडायचं म्हटलं की मलाबी आत राहावं लागणार."

आणि तसंच झालं. पुढे त्यांचं सगळं जगणं त्या जाळीच्या आतून चाललं. भाजीवाला जाळीशी थांबायचा, न्हावी आत येऊन दाढी करायचा, मिलमधले जुने सोबती आले की बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि भाऊजी आत. गावाकडे पुतण्याचं लग्न झालं, ते गेले नाहीत. थोरले भाऊ वारले तेव्हाही फोनवरच रडले. मी शाळा सुटल्यावर आठवड्यातून जमेल तसं जायचे. पण अक्का मला कधी ओळखायची, कधी नाही. आणि ज्या दिवशी ओळखायची नाही, त्या दिवशी माझ्याजवळ राहायला तयार नसायची. भाऊजींना ती नवरा म्हणून ओळखायची की नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. पण ते जवळ असले की ती शांत असायची.

जाळीने बाहेर जाणं थांबलं, धडपड थांबली नाही. घड्या घालून झाल्या की ती गठोडं घेऊन जाळीशी उभी राहायची आणि सळ्या हलवायची. तास तास. तो आवाज हंसाबेनच्या घरात ऐकू जायचा. एक दिवस भाऊजी मला म्हणाले, "शोभा, माल ठेवायला जागा नाही म्हणून ती द्यायला निघते. स्टोअरमध्ये रॅक भरले की गाडी बोलवावीच लागते. जागा असली तर माल थांबतो." त्यांच्या डोळ्यांत पुष्कळ दिवसांनी काहीतरी करण्याची चमक दिसली. ते पार्किंगमध्ये फळ्या लावणार होते.

पहिल्यांदा त्यांनी तेच केलं जे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. लोखंडी अँगलचे रॅक आणले, मिलमध्ये होते तसे, भोकांचे, बोल्ट आवळायचे, छतापर्यंत उंच. स्वतः पाने घेऊन उभे केले. मला बोलावून दाखवलं. एक रॅक हलवून म्हणाले, "हत्ती बसला तरी हलणार नाही." अक्कानेही हात फिरवून पाहिलं आणि साड्या लावायला लागली. दोन दिवस घर शांत होतं. मग पावसाळी हवेत पत्र्याला गंज धरला आणि एका फिक्या साडीवर तपकिरी डाग पडला. आपल्याला तो दिसलाही नसता. पण घडीचं काम केलेल्या बाईला डाग म्हणजे काय, ते मी लिंबायतला पाहिलं होतं. डाग पडलेला माल शेठ परत करायचा. अक्काने सगळा रॅक उतरवला, ती एक साडी घेऊन मोरीत बसली आणि हाताची सालं निघेपर्यंत घासत राहिली. भाऊजींनी रॅकना रंग दिला. त्याच्या वासाने ती पार्किंगमध्ये पाय ठेवेना. वास गेला, तर अँगलच्या कडेत जॉर्जेटचा धागा अडकून सर्रकन ओढला गेला, आणि ती पुन्हा रडायला लागली. भाऊजींनी ते रॅक उघडले आणि भंगारवाल्याला दिले. "तीस वर्षं ह्याच रॅकवर माल ठेवला," ते मला म्हणाले. "लोखंडाच्या मालाला ते चाललं. तिला नाही चालत."

मग नरू सुट्टीला आला. त्याला आईबापांचं करायचं होतं, पण काय करायचं ते कळत नव्हतं. त्याने तयार कपाटं पाठवली. पांढरी, दारांची, सुबक. भाऊजींनी ती पार्किंगमध्ये मांडून घेतली. अक्काने साड्या आत ठेवल्या, दार बंद केलं आणि मागे वळून पाहिलं, तर माल नाही. दार उघडायचं असतं हे तिच्या ध्यानातून गेलं होतं. तिने भाऊजींवर आळ घेतला. चोर, माल लांबवला, पोलिसांत देईन... गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. भाऊजी जाळीपाशी मान खाली घालून उभे होते. समोरच्या गॅलरीतून लोक पाहत होते आणि त्यांना तिथून कुठे जाताही येत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी कपाटांची दारं बिजागऱ्यांसकट काढली. दारं काढल्यावर उरले ते खोल कप्पे. त्यात मागे ठेवलेली साडी पुन्हा दिसेनाशी व्हायची.

शेवटी त्यांनी एका सुताराला बोलावलं. पांडेसऱ्यात काम करणारा राजस्थानी माणूस होता. त्याने टेप काढली, तशी भाऊजी म्हणाले, टेप राहू दे. त्यांनी अक्काने घडी घातलेली एक साडी भिंतीशी धरली आणि पेन्सिलने खूण केली. फळी एवढीच खोल. एका साडीच्या मागे दुसरी साडी लपता कामा नये. मग अक्काला उभं केलं, तिचा हात जिथवर सहज पोचतो तिथे वरची खूण. त्याच्यावर काही नाही. खालची खूण करताना ते थोडे थांबले. आमच्याकडे पावसाळ्यात खाडीचं पाणी गल्लीत शिरतं, हंसाबेनच्या भिंतीवर त्याची रेघ आहे. त्या रेघेच्या वर त्यांनी शेवटची फळी धरली. प्लायच्या कडा गोल करून घेतल्या, धागा ओढला जाऊ नये म्हणून. सनमायका निवडताना दुकानदाराने चकचकीत नमुने दिले होते. ते अक्काने हातात घेतले आणि घाबरून खाली टाकले. तिला आत कोणीतरी बाई दिसली होती. मग भाऊजींनी बिनचमकेचा, दुधासारखा रंग घेतला. सुतार मला हळूच म्हणाला, "दीदी, इसमें सामान तो कुछ आएगा नहीं." भाऊजींनी ऐकलं. म्हणाले, "सामान नहीं रखना. जो है वो दिखना चाहिए."

त्या फळ्या लागल्या आणि अक्का तिथलीच झाली. पूर्ण भिंतभर, एका नजरेत सगळ्या साड्या, रंगांच्या ओळी. त्या साड्या तरी कुठल्या... तिच्या स्वतःच्या, माझ्या जुन्या, हंसाबेनने दिलेल्या, आणि भाऊजींनी मार्केटमधून मागवलेल्या नापास मालातल्या. सकाळी न्हाऊन ती पार्किंगमध्ये येऊन बसायची आणि दुपारपर्यंत घड्या घालायची. जाळीकडे बघायचीही नाही. भाऊजींना वाटलं, सुटलो. मलाही वाटलं. एक दिवस फळ्या भरल्या. घालायला एकही घडी उरली नाही. अक्काने सगळा माल उतरवला, गठोडं बांधलं आणि ती जाळीशी येऊन सळ्या हलवायला लागली, पूर्वीसारखीच.

त्या दुपारचं भाऊजींनी मला पुढे कित्येक महिन्यांनी सांगितलं, तेही पाठमोरं होऊन. ते म्हणाले, "माझं डोकं फिरलं. इतकं सगळं करून परत तेच. मी तिच्या हातातलं गठोडं ओढलं, सोडलं आणि एकेक साडी धरून भिरकावली. तोंडाला येईल ते बोललो. माझ्या आईबापांनीबी मला कधी तसं बोलताना ऐकलं नसेल." मग म्हणाले, "तुला सांगू? ती घाबरली नाही. सगळीकडे पसरलेल्या साड्या बघितल्या, आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, नवा माल उना वाटस. तिच्या लेखी नवा माल आला होता. आणि बसली घडी घालायला."

त्या दिवसापासून भाऊजींनी ते काम धरलं. दुपारी अक्का फळ्या भरायची. चहा झाला की भाऊजी वरच्या खोलीत जाऊन मिलमधला जुना खाकी शर्ट चढवायचे, खिशाला पेन लावायचे आणि खाली यायचे. माल न्यायला माणूस आलाय असं समजून अक्का एकेक थर त्यांच्या हातात द्यायची. ते गठ्ठे वर नेत. आणि ती निजली की तिथे पलंगावर बसून एकेक घडी मोडत, साडी झटकत, चुरगळून पोत्यात भरत. सकाळी ते पोतं खाली. नवा माल. रोज. सणाला, तापात, पाठ धरलेली असतानाही. मी एकदा म्हटलं, एक दिवस नका मोडू, काय होईल? ते म्हणाले, "ती जाळीशी उभी राहील. आणि मी बघत बसेन." नंतर त्यांनी जे म्हटलं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. "लोक म्हणतात, निंबा बायकोचं किती करतो. मी करतो कारण दुसरं काही करायला दार नाही, शोभा. दार असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही."

ते दार मी त्यांना एकदा देऊन पाहिलं. उन्हाळ्याची सुट्टी होती. अक्का त्या दिवशी मला ओळखत होती. मी भाऊजींना म्हटलं, जा, पलसाण्याला जाऊन या, सोबत्यांना भेटा, संध्याकाळी आलात तरी चालेल. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, बूट पुसले. जाळीबाहेर पाऊल टाकताना दोनदा मागे पाहिलं. आणि माझा भात शिजायच्या आत परत आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "बसथांब्यावर उभा राहिलो. बस आली, गेली. दुसरीबी गेली. चढून कुठे जायचं ते सुचलं नाही." बूट काढून जागेवर ठेवले, आत आले आणि स्वतःच कुलूप लावलं. त्या कुलपाचा आवाज ऐकून मला जसं कोंडल्यासारखं झालं, तसं त्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात खाडी फुटली. मी उधन्यात अडकलेली, रस्ते बंद. भाऊजी फोनवर म्हणाले, पाणी पायरीला आलं, काळजी नको, आम्ही वर जातो. नंतर फोन लागेना. पुढचं हंसाबेनने सांगितलं. माणसं काढायला होडी आली, गल्लीतले बरेच जण गेले. अक्का पार्किंगमध्ये गुडघाभर पाण्यात फळ्यांशी उभी, माल सोडून यायला तयार नाही. होडीतली माणसं म्हणाली, काका, तुम्ही तरी चला, मावशींना उचलून घेऊ. भाऊजींनी जाळीतूनच हात जोडले आणि त्यांना जायला सांगितलं. मग दोघांनी साड्या वर नेल्या. ती फळीवरून काढून द्यायची, ते जिना चढायचे, पुन्हा उतरायचे. सगळ्यात खालच्या फळीपर्यंत पाणी आलंच नाही. बोटभर खाली थांबलं. साड्या वर न्यायची गरजच नव्हती. पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा भाऊजी ओल्या भिंतीवरची रेघ बघत उभे होते. अंग तापलेलं होतं. "फळी बरोबर लागली," ते म्हणाले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसले. त्यांची छाती तेव्हापासूनच धरत होती, असं आता वाटतं. डॉक्टरांना दाखवायला जायचं तर जाळी उघडायला हवी होती, आणि अक्काला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न. माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. ते म्हणायचे, तू मोकळी झालीस की जाऊ.

त्यांना न्यायला माणसं जमली तेव्हा अक्काला वाटलं, माल न्यायला आलेत. ती फळ्यांशी उभी राहिली आणि येईल त्याच्या हातात एकेक घडी घातलेली साडी देत गेली. कुणीही नाही म्हटलं नाही. मिलमधले म्हातारे सोबती, गल्लीतली माणसं, तो वेल्डरसुद्धा... सगळे काखेत साडी धरून भाऊजींच्या मागे निघाले. अक्का जाळीशी येऊन पाहत होती. माल गेला म्हणून समाधानाने पाहत होती. मी तिच्याजवळ उभी होते, पण मला तिच्याकडे बघवत नव्हतं. नंतर दहा-बारा दिवसांत त्या साड्या एकेक करून परत आल्या. हंसाबेनने गल्लीत सांगून ठेवलं होतं, म्हणून सगळ्यांनी त्या घडी मोडून आणल्या.

नरू आईला बडोद्याला घेऊन गेला. त्याचं आणि सुनेचं मन चांगलं आहे, हे मी मुद्दाम लिहिते. पण तिथे अक्का साड्या हातात घेऊन फ्लॅटभर फिरली. फ्रीजवर ठेवल्या, देवापुढे ठेवल्या, लिफ्टच्या दारात ठेवल्या. झोपेना, जेवेना. नरूने हे मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, आण तिला इकडे. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, आणि शाळाही आता संपली होती. मी उधन्याचं घर बंद केलं आणि बमरोलीला राहायला आले. जाळीला नवीन कुलूप लागलं. त्याची चावी माझ्या कमरेला असते. भाजीवाला मला आता जाळीतूनच विचारतो, मावशी, काय देऊ? पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी उगीचच सळ्या धरून रस्त्याकडे बघत उभी होते. आपण किती वेळ अशा उभ्या आहोत, ते मला कळलं नाही.

परवा चहा झाल्यावर मी फळ्यांपाशी गेले आणि हात पुढे केले. आधीचे दिवस अक्काने मुकाट्याने माल दिला होता. परवा तिने पहिला थर उचलला, आणि तो छातीशी धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"तो मानूस उना नही का आज?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "गावले गया."

तिने जरा विचार केला. मग थर माझ्या हातात दिला, वरच्या साडीची कड सारखी केली आणि म्हणाली, "भला मानूस शे. मनी घडी कधी मोडी नही त्यानी."

तिची घडी त्याने कधी मोडली नाही, म्हणे. मी गठ्ठे घेऊन वर गेले. भाऊजींच्या खोलीत पलंग आहे, खिडकी आहे, खिळ्याला तो खाकी शर्ट आहे. पलंगाच्या एका कडेला गादी खोल दबली आहे, रोज कोणी तिथेच बसलं म्हणून. मी तिथेच बसले. अक्का निजेपर्यंत थांबले. वरची साडी मांडीवर घेतली. काठाला काठ, पदर वर, नक्षी मधोमध... तिने सारखी केलेली कड मी बोटाने चाचपली. खाली अक्काने कूस बदलली, पलंग करकरला, आणि पुन्हा शांत झालं. सकाळी तिला नवा माल लागणार होता. मी पदराचं टोक धरलं आणि साडी झटकली.